ग्रेडरसाहेबांचा झाकलेला समुद्र

“पडदा! पडदा धरा! उजवीकडचा! अरे दांडी निसटली ना बाप्पा! सगळे डावीकडं पाहा! डावीकडं म्हणलं ना! आत्याबाई, तुमी डोळे मिटा!”

ओरडणारा माणूस बसच्या मधल्या वाटेत उभा होता आणि बस विशाखापट्टणमच्या समुद्रकाठच्या रस्त्यानं चालली होती. म्हणजे उजव्या हाताला अख्खा बंगालचा उपसागर उन्हात चमकत उघडा पडलेला, आणि आम्ही आदिलाबाद जिल्ह्यातली बसभर माणसं डावीकडच्या खिडक्यांतून एका टायरच्या दुकानाकडं एकटक पाहत बसलेलो. टायरचं दुकान इतक्या भक्तिभावानं आजवर कोणी पाहिलं नसेल. दुकानदार घाबरून आत गेला.

ड्रायव्हर तिथलाच, तेलुगू. त्यानं आरशातून पाहिलं आणि हळूच विचारलं, “एंदुकु सार?” एंदुकु म्हणजे आपलं ‘काऊन’, कशासाठी. बिचाऱ्याचा जन्म लोकांना समुद्र दाखवण्यात गेला होता. समुद्र दिसू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारा टूरवाला त्याला पहिल्यांदाच भेटला होता.

पण ग्रेडरसाहेबांना उत्तर द्यायला सवड नव्हती. पडद्याची दांडी एका टोकानं खाली आली होती. त्यांनी ते टोक एका हातात धरलं, पडद्याचा दुसरा कोपरा हनुवटीखाली दाबला, खालची फट गुडघ्यानं बुजवली आणि उरलेल्या खिडकीवर स्वतः पसरले. ज्वारीच्या शेतातलं बुजगावणं वादळात सापडावं तसे ते दिसत होते.

त्यांच्या बरोबर खाली माझी मोठी आत्या बसली होती. ती म्हणाली, “ग्रेडरभाऊ, बसा ना जी खाली. उभ्यानं काऊन झोके खाऊन राह्यले?”

“आत्याबाई, डोळे मिटले काय?”

“मिटले ना.”

“मंग मी उभा हाय, हे कसं दिसलं?”

“आवाज वरून येऊन राह्यला.”

साहेब गप्प झाले. गप्प झालेले ग्रेडरसाहेब हे दृश्य त्या समुद्राइतकंच दुर्मिळ. पण ते पाहायला आमची तोंडं डावीकडं होती.

आता हा माणूस कोण, ते सांगतो. यात एक अक्षर खोटं असेल तर पुढच्या जन्मी मी बोंडअळी होईन.

हे आदिलाबादेत माझे शेजारी. मी बँकेत, ते रिटायर. उभी हयात त्यांनी भैंशाच्या एका जिनिंगमध्ये कापसाचे ग्रेडर म्हणून काढली. गाडी आली की ते वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडं ढुंकूनही पाहायचे नाहीत. थेट खांद्यापर्यंत हात आत घालायचे, तळातला बोळा काढायचे, दोन बोटांत ओढून धागा पाहायचे आणि निकाल द्यायचे. अव्वल. दोयम. सोयम. नाही तर नामंजूर. हे शब्द त्यांच्या आजोबांचे. आजोबा निजामाच्या काळात तहसिलीत होते आणि जमिनीची प्रत ठरवायचे. नातवानं जमिनीवरून काढून ते शब्द कापसाला लावले आणि रिटायर झाल्यावर साऱ्या सृष्टीला.

त्यांच्या झोळीत कायम एक यंत्र असायचं. ओलावा मोजायचं. डबीएवढं, पुढं लांब टोकदार सळई. जिनिंगवाल्यांनी निरोपाच्या दिवशी त्यांना शाल-श्रीफळ दिलं, तर यांनी शाल परत केली आणि यंत्र मागून घेतलं. तेव्हापासून त्यांच्यासमोर काही ओलं ठेवायची सोय राहिली नाही. इडलीत सळई खुपसायची, आकडा पाहायचा: “दोयम. पाणी जास्त.” आमच्या गल्लीतल्या एका लग्नात त्यांनी जिलबीत सळई घातली आणि आचारी चूल विझवून उठला. पुढं पत्रिकेवर त्यांच्या नावाखाली ‘यंत्राशिवाय येणे’ असं लिहून यायला लागलं. माझ्याकडं आहे एक पत्रिका. म्हणजे होती.

पण एक गोष्ट मानावी लागेल. दर्जा ठरवताना हा माणूस कोणाच्या बापाला भ्यायचा नाही, आणि खोटं तर त्यांच्या जिभेला वळायचंच नाही. स्वतःच्या पोरीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा त्यांनी भर बैठकीत सांगितलं, “रंग दोयम. स्वयंपाक अव्वल. स्वभाव अव्वल. ओलावा जास्त हाय, लवकर रडते.” आत पोरगी लगेच रडायला लागली. पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि तिथंच सुपारी फोडली. पोरीच्या बापाकडून इतकं खरं त्यांच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलं नव्हतं.

अशा माणसाला टूरचा नाद लागला तो असा. रिटायर झाल्यावर ते स्वतः कुठल्याशा टूरबरोबर विशाखापट्टणमला गेले. त्या टूरवाल्यानं रेल्वेतून उतरवल्या उतरवल्या माणसं समुद्रावर नेऊन सोडली. झालं. लोक जे वाळूत बसले ते उठेचनात. मग मंदिरात जांभया, डोंगरावर जांभया, पाहायला ठेवलेल्या जुन्या पाणबुडीत तर एक जण घोरला. साहेब तणतणत परत आले. “वरच वर अव्वल माल!” ते माझ्या ओट्यावर बसून ओरडले. “ही काय गाडी भरायची रीत झाली? भारी माल तळाशी पाह्यजे, तळाशी! हात घालत घालत गेलं पाह्यजे माणूस!”

आणि त्यांनी स्वतःची टूर काढली. एका दिवसात अख्खं विशाखापट्टणम; समुद्र सगळ्यात शेवटी, आणि तोवर समुद्राचा एक थेंबही दिसता कामा नये. आता तुम्ही म्हणाल, समुद्रकाठच्या शहरात हे कसं जमायचं? जमायचं! बसला समुद्राच्या बाजूनं जाड पडदे. कैलासगिरीच्या डोंगरावर लोक समुद्र पाहायला जातात. हे आम्हाला तिथं नेऊन शहराकडं तोंड करून बसवायचे आणि पाण्याच्या टाक्या दाखवायचे. पाणबुडी तर किनाऱ्यावरच ठेवलेली. तिथं बसपासून दारापर्यंत छत्र्या उघडून भिंत करायची आणि त्या भिंतीआडून माणसं आत सोडायची. शहरातल्या लोकांना वाटायचं, कोणी मोठ्या घरची पडदानशीन बाई आली आहे.

दुपारी सिंहाचलमच्या देवळात मात्र त्यांना जोर चढायचा. तिथला देव वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असतो. खरं रूप वर्षातून एकच दिवस दिसतं. साहेब देवाला हात जोडायचे आणि आमच्याकडं वळून म्हणायचे, “पाह्यलं? देवालाबी कळते. आमची टूर शास्त्राला धरून हाय.”

आणि मग संध्याकाळी तो सोहळा. किनाऱ्यावर सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे, पाण्याकडं पाठ करायची आणि उलट्या पावली वाळूतून चालत जायचं. नारळवाले, फुगेवाले धंदा सोडून पाहायचे. साहेब आमच्यासमोर उभे राहायचे, समुद्राकडं न पाहता आमच्या तोंडांवर डोळे रोखून. मग ओरडायचे, “वळाऽऽ!”

लोक समुद्राकडं वळायचे, साहेब मात्र तिकडं पाहायचे नाहीत. मान खाली घालून धावत आमच्यापुढं यायचे आणि समुद्राला पाठ देऊन, मावळतीचं ऊन डोळ्यांवर घेऊन, आमची तोंडं पाहायचे. तोच त्यांचा समुद्र. “नुसता आ झाला तर दोयम,” ते सांगायचे. “आ झाला अन् हात छातीवर गेला, की अव्वल.” नेरडीगोंड्याच्या एका धाबेवाल्यानं असं तोंड उघडलं, की एक बगळा जवळ येऊन आत जागा आहे का ते पाहून गेला. भैंशाचा एक अडत्या, जो जन्मात भाव सोडून काही बोलला नव्हता, त्यानं टोपी काढून छातीशी धरली आणि हुंदके देऊन रडला. त्या भरतीला पाणी जरा जास्त वर आलं होतं, ते त्याच्यामुळंच. साहेब ही तोंडं एकेक करून सांगायचे आणि सांगताना त्यांचे स्वतःचे डोळे यंत्रात मावणार नाहीत इतके ओले व्हायचे.

पण मग घरोघरी फोन आले आणि फोनात समुद्र आला. साहेब “वळा!” म्हणायचे, लोक वळायचे, आणि तोंडापुढं फोन धरायचे. “मले तोंडाच्या जागी फोनाची पाठ दिसते हो,” ते एकदा माझ्या ओट्यावर येऊन म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी आमच्या चहात सळई घातली नाही, तेव्हाच मला धास्ती वाटली. “सगळा माल वरून हात लागलेला. सगळ्यायनं आधीच पाह्यलेला. तळातला बोळा राह्यलाच नाही कुठं.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “आमची मोठी आत्या आहे ना.”

मोठी आत्या तामसीच्या पलीकडं, पैनगंगेच्या काठच्या गावात राहते. तिच्या घरी टीव्ही आहे, पण ती त्याच्याकडं पाठ करून दारात बसते. तिचं म्हणणं, टीव्ही ऐकायचा असतो; पाहायला रस्ता आहे. फोन ती चिमट्यानं निखारा धरावा तसा धरते. पण तिचा शब्द गावात असा, की ती म्हणाली ‘बरं हाय’ तर बायका विहिरीत उडी टाकतील, आणि म्हणाली ‘काही नाही त्यात’ तर साक्षात गंगा दारावरून गेली तरी कोणी घागर बुडवणार नाही.

साहेब दुसऱ्याच दिवशी मला घेऊन गावात. पारावर माणसं जमली. साहेबांनी भाषण ठोकलं आणि शेवटी हात वर करून सांगितलं, “या खेपेला समुद्रापुढं एक तरी अव्वल तोंड उघडलं नाही, तर ही टूर बंद! कायमची बंद! मी घरी बसतो अन् चहा पितो!”

आत्या शेंगा फोडत होती. म्हणाली, “पाणीच हाय ना थे?”

“पाणी म्हणजे... आत्याबाई, एवढं पाणी!”

“आमच्या दाराशी पैनगंगा हाय. पुरात म्या पाह्यली. पल्याड महाराष्ट्र दिसते.”

“समुद्राच्या पल्याड काहीच दिसत नाही!”

आत्यानं शेंग फोडायची थांबवली. “असं कसं? पाणी म्हटलं की पल्याड महाराष्ट्र असतेच.” तिचा जन्म त्या काठावर गेला. माहेरही त्याच काठावर. बैल हरवला तरी पल्याड महाराष्ट्रात सापडायचा. यात तिचं चुकलं कुठं? आणि मग ती उठली. “चाला. पाहून येऊ, कसा दिसत नाही थो.”

निघाल्यापासून साहेबांची जी धांदल उडाली! रेल्वेत आत्याच्या आसपास कोणी फोन काढला की हे त्याच्यावर झेप घालायचे. एका परक्या पोरीनं फोनात मासा पाहिला, तर यांनी तिच्या आईशी हिंदीत भांडण काढलं. कॅलेंडर विकणारा आला, त्यावर नारळाची झाडं होती. यांनी त्याला पुढच्या डब्यापर्यंत पिटाळला. सारी रात्र आत्याच्या बर्थखाली बसून राहिले. पहाटे ती उठून म्हणाली, “भाऊ, माह्या ट्रंकेत काही नाही हो. जाऊन झोपा.”

आणि मग तो दिवस, तो पडदा, ती निसटलेली दांडी. पाणबुडीत आत्यानं ते बोळकांडीसारखं घर पाहिलं, एकावर एक बिछाने पाहिले आणि विचारलं, “इथं सासू-सुना कशा राहायच्या?” साहेब म्हणाले, इथं फक्त गडीमाणसं राहायची. आत्या म्हणाली, “म्हून टिकली.” छत्र्यांच्या भिंतीतून परत येताना ती एकदम थांबली. “हा घोंघों आवाज कायचा हो भाऊ? जिनिंग हाय काय इथं?”

साहेबांची पंचाईत. खोटं बोलता येईना, खरं सांगता येईना. छत्री गच्च धरून ते घामाघूम झाले आणि म्हणाले, “संध्याकाळी सांगतो.”

संध्याकाळ झाली. आम्ही हात धरले. आत्याचा एक हात माझ्या हातात, दुसऱ्या हातानं तिनं पदर सावरलेला. उलट्या पावली वाळूतून निघालो. साहेब समोर. चेहरा परीक्षेच्या निकालाच्या दिवशीचा. सगळ्यांचे फोन त्यांनी आधीच काढून एका पिशवीत भरले होते. पिशवी नारळवाल्याच्या गाड्यावर गाभण म्हशीसारखी लोंबत होती. पायाला ओलं लागलं.

“वळाऽऽ!”

वळलो. खरं सांगतो, मी टूरमध्ये आणि फोनात हजारदा पाहिलेला समुद्र, पण दिवसभर झाकून ठेवल्यावर तो जो अंगावर आला! माझं तोंड उघडलं असणार. आजूबाजूचीही थोडीफार उघडली. साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते मान खाली घालून धावत पाण्यात शिरले, वळले, समुद्राला पाठ दिली आणि डोळ्यांवर हात धरून माझ्या आत्याच्या तोंडाकडं पाहत उभे राहिले.

आत्या पाहत होती. पदराचं टोक तिनं दातांत धरलं होतं. गच्च. डोळे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले, परत गेले. लाट आली, गेली. आत्याची पापणी हलेना. आणि तोंडही उघडेना.

“आत्याबाई?” साहेबांचा आवाज इतका बारीक झाला होता.

आत्या दातांतला पदर न सोडता म्हणाली, “पल्याड कोणतं गाव हाय?”

“पल्याड काहीच नाही, आत्याबाई!”

“नीट पाहा.”

“मी सांगतो ना, काहीच नाही!”

“तुमी कुठं पाहून राह्यले? तुमची तर पाठ हाय तिकडं.”

साहेब काही बोलणार, तेवढ्यात मागून लाट आली. साधीसुधी नाही. आमच्या मंदिराच्या शिखराएवढी होती. बरं, ओसरीएवढी तरी होतीच. तिनं साहेबांना उचललं, अर्ध्या गिरकीत फिरवलं आणि गुडघ्यांवर बसवलं. समोर तोंड करून. म्हणजे समुद्राकडं.

इतक्या वर्षांत, इतक्या टुरा करून, या माणसानं समुद्र पाहिलाच नव्हता! पहिल्या खेपेला तो टूरवाल्यावर चिडण्यात गेला होता, आणि पुढं सगळा वेळ आमची तोंडं पाहण्यात. आता तो समुद्र त्यांच्या समोर होता आणि डोकं फिरवायला जागा नव्हती. यंत्र झोळीतून बाहेर येऊन पाण्यात तरंगत होतं, त्याचा काटा पार शेवटाला जाऊन थरथरत होता. साहेबांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांचं तोंड हळूहळू उघडलं. मग आणखी उघडलं. मग त्यांचा उजवा हात आपोआप वर आला आणि छातीवर जाऊन बसला.

लाटा येत होत्या, जात होत्या. कोणी हसलं नाही. नारळवालासुद्धा कोयता खाली करून उभा राहिला.

आत्या पुढं झाली. पाण्यात उतरली, साहेबांच्या समोर गेली, कमरेवर हात ठेवून वाकली आणि तळातला कापूस पाहावा तसं त्यांचं तोंड निरखलं. मग आमच्याकडं वळून जाहीर केलं, “अव्वल.”

आणि साहेबांना म्हणाली, “उठा भाऊ. तोंड मिटा, खारट जाईन आत. टूर चालू ठेवा. एक तोंड उघडलं पाह्यजे, असं म्हणले होते. कोणाचं, थे कुठं बोलले होते?”

साहेब उठले. भिजलेले, वाळूनं माखलेले. बसपर्यंत आत्यानं त्यांना हाताला धरून आणलं. परतीच्या वाटेवर बसचे सगळे पडदे उघडे होते, साहेब खिडकीला नाक लावून बसले होते, आणि ड्रायव्हरनं परत एकदा विचारलं, “एंदुकु सार?”

गावात परतल्यावर आत्याच्या अंगणात ही बायांची गर्दी. मी फाटकाशी उभा. एकीनं विचारलं, “आत्या, कसा हाय वं समुद्र?”

“मोठा हाय,” आत्या म्हणाली.

“पैनगंगेहून?”

“हो ना.”

“मंग पल्याड महाराष्ट्र दिसला काय?”

आत्या पदर झटकत होती. पदराच्या टोकाला दातांची दोन आरपार भोकं पडली होती, मी स्वतः पाहिली. तिनं भोकं बोटात धरली, मुठीत झाकली आणि म्हणाली, “नाही दिसला. धुकं होतं.”

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या गावच्या बाया माझ्या फोनवर. धुकं नसते तेव्हा जाऊ. पुढल्या टूरमध्ये आमचं नाव घाला. मले महाराष्ट्राच्या बाजूची खिडकी पाह्यजे. नणंदेला घ्या, जावेला घ्या. एकीचं तर माहेर पल्याड महाराष्ट्रात, तिचं म्हणणं, दिसलंच तर भावाला आवाज देता येईल. एक बस भरली, दुसरी भरायला लागली.

मी धावत साहेबांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसून यंत्र उन्हात वाळवत होते. काटा अजून शेवटालाच अडकलेला. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, यंत्र उलटं केलं, त्यातून थोडी वाळू पडली.

“पण साहेब,” मी म्हणालो, “या सगळ्या महाराष्ट्र पाहायला येऊन राहिल्यात. तिथं तर काहीच नाही. तुम्ही तर जन्मात खोटा दर्जा दिला नाही. ‘वळा’ म्हटल्यावर त्यांनी विचारलं, महाराष्ट्र कुठं आहे, तर तुम्ही काय सांगणार?”

साहेबांनी यंत्रावर फुंकर मारली.

“धुकं हाय म्हणू,” ते म्हणाले.